खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी : नायट्रेटचा हिशेब जो ठेवील, त्याचेच काम टिकेल

मुळशी तालुका म्हटला की पूर्वी भात, पाऊस आणि धरण एवढेच डोळ्यांसमोर येत असे. आता हिंजवडी, माण, पिरंगुट या बाजूला कचेऱ्या, हॉटेले आणि बंगले उभे राहिले आहेत. अशा ठिकाणी हजार-दोन हजार लिटरची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवण्याची हौसही काही लोकांना असते. या हौसेतून काच जोडणारे, नळजोडणी करणारे, लाकडी कपाट बनविणारे आणि पेटीची देखभाल करणारे अशा अनेक हातांना काम मिळते. आमचा धंदा कापडाचा. गाळणीचे कापड मागायला येणाऱ्या कारागिरांमुळे या कामाशी आमचा संबंध आला. त्यांच्या तोंडी एकच तक्रार असते : पेटी सहा महिने सुंदर दिसते, मग काचेवर शेवाळ चढते, प्रवाळ मिटून बसतात आणि मालक देखभालीचा करार मोडतो. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा नायट्रेटमध्ये सापडते.

नायट्रेट येते कोठून?

माशाला घातलेल्या खाद्यात प्रथिने असतात. त्यांपासून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते, पण ते पाण्यात साठत राहते. छपाईच्या कारखान्यात युरिया वापरणाऱ्या आणि शेतात युरिया टाकणाऱ्या बांधवांना नायट्रोजनचा गुण सांगायला नको. जे खत भाताला वाढविते, तेच पेटीतील शेवाळाला वाढविते.

आता हिशेब पाहा. दोन हजार लिटरच्या पेटीत रोज १० ग्रॅम कोरडे खाद्य पडते आणि त्यात निम्मी प्रथिने आहेत असे धरू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे रोज ०.८ ग्रॅम नायट्रोजन पेटीत गेला. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते साडेतीन ग्रॅम भरते, म्हणजे दर लिटरला रोज पावणेदोन मिलिग्रॅम आणि आठवड्याला १२ मिलिग्रॅम. यातील निम्मे माशांच्या वाढीत आणि गाळणीत गेले असे समजले, तरी आठवड्याला ६ मिलिग्रॅमची भर पडतेच. खुल्या समुद्रातील प्रवाळांभोवती नायट्रेट लिटरला एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. पेटीत ते २ ते १० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखले तर बहुतेक प्रवाळ समाधानी राहतात.

नुसते पाणी बदलून का भागत नाही?

पुष्कळ कारागीर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतात आणि काम झाले असे मानतात. पण आठवड्याला ६ मिलिग्रॅमची भर पडत असेल, तर नायट्रेट वाढत वाढत लिटरला ६० पर्यंत जाणार आणि तेथेच थांबणार. कारण ६० चे दहा टक्के म्हणजे ६. जेवढे येते तेवढेच जाते. हेच प्रमाण पाणी बदलून १० वर ठेवायचे, तर दर आठवड्याला ६० टक्के पाणी बदलावे लागेल. म्हणजे १,२०० लिटर पाणी. लिटरला ३५ ग्रॅम मीठ धरले तरी ४२ किलो मीठ दर आठवड्याला लागेल. असा करार कोणत्याच कारागिराला परवडणार नाही. म्हणून पाणी बदलावे जरूर, पण उत्पन्न वाढत नसेल तर आधी खर्च कमी करावा हा व्यापाराचा नियम येथेही लावावा : आत जाणारे कमी करावे आणि बाहेर जाण्याच्या वाटा वाढवाव्यात.

गज की मीटर? आधी माप पक्के करा

नायट्रेट मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. काही संच नायट्रेटचे वजन सांगतात, काही फक्त त्यातील नायट्रोजनचे. दुसऱ्या आकड्याला ४.४ ने गुणले म्हणजे पहिला आकडा मिळतो. गजाचा भाव ऐकून मीटरचे पैसे देणारा माणूस जसा फसतो, तसा हा फरक न पाहणारा कारागीर फसतो. संचावरची मुदत पाहावी. ज्या बाटलीत भुकटी तळाशी बसते ती सूचनेप्रमाणे जोरात हलवावी, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो. दर आठवड्याला एकाच वारी मोजून वहीत लिहावे.

मुळशीचे पाणी

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या काठावर होते. आपल्याकडे ताम्हिणी घाट उतरल्याशिवाय समुद्र नाही. शिवाय पावसाळ्यात कोकणच्या खाड्यांचे पाणी गढूळ आणि कमी खारट होते. म्हणून येथे तयार मीठ गोड्या पाण्यात विरघळवूनच काम करावे लागते, आणि ते गोडे पाणीच कित्येकदा घात करते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. म्हणजे माणसाला चालणारे पाणी प्रवाळाला मुळीच चालेल असे नाही. बोअरचे किंवा टँकरचे पाणी न मोजता कधी वापरू नये. आर. ओ. यंत्र नायट्रेटचा मोठा भाग अडविते, उरलेला भाग पुढची रेझिनची नळी अडविते. ती रेझिन संपली की नायट्रेट गुपचूप पलीकडे जाते. टी. डी. एस. मीटर शून्यावरून हलला की रेझिन बदलावी. रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भरतीही याच शुद्ध पाण्याने करावी.

कापडाची गाळणी : आमच्या धंद्यातील गोष्ट

पेटीतून येणारे पाणी आधी कापडी पिशवीतून जाते. त्यासाठी पॉलिस्टरचे नमदा-कापड, सुमारे २०० मायक्रॉनचे, योग्य. येथे शिंपी बांधवांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कापडाला खळ नसावी. खळ पाण्यात सुटून कुजते आणि ज्या घाणीसाठी पिशवी लावली तीच वाढते. चकाकी आणणारे रसायन, मऊपणाचे किंवा जंतुनाशक फिनिश दिलेले कापड घेऊ नये. शिवण पॉलिस्टरच्या दोऱ्याची असावी, सुती दोरा कुजतो. पितळी आयलेट, हूक किंवा चेन मुळीच लावू नये. पितळात तांबे असते आणि तांबे प्रवाळाला, कोळंबीला जहर आहे. तोंडाला प्लॅस्टिकचे कडे लावावे.

पिशवी दर तीन-चार दिवसांनी काढून उलटी करून धुवावी. साबण आणि कम्फर्टसारखे मऊ करणारे द्रव वर्ज्य. महिनाभर न काढलेली पिशवी पाणी गाळत नाही, अडकलेला कचरा कुजवून नायट्रेट तयार करते. प्रत्येक पेटीमागे सहा-आठ पिशव्यांचा जोड ठेवला तर अदलाबदल सोपी होते, आणि शिंपी बांधवालाही नियमित काम मिळते.

बाहेर जाण्याच्या वाटा

पहिली वाट प्रोटीन स्किमरची. हे यंत्र हवेच्या बारीक बुडबुड्यांना चिकटलेली घाण फेसाबरोबर वर आणते, म्हणजे ती कुजण्याआधीच बाहेर जाते. त्याचा गळा दर दोन-तीन दिवसांनी पुसावा. मळलेल्या गळ्यात फेस चढत नाही.

दुसरी वाट शेवाळाची. पेटीखालच्या टाकीत कीटोमॉर्फा नावाचे दोऱ्यासारखे शेवाळ दिव्याखाली वाढवावे आणि दर पंधरवड्याला त्यातील मूठ-दोन मूठ काढून टाकावे. नायट्रेट शेवाळात जाते, शेवाळ बाहेर जाते. दिवा रात्री लावला तर पाण्याचा आम्लपणाही सांभाळला जातो.

तिसरी वाट सिरक्याची. परदेशात काही हौशी लोक यासाठी व्होडका वापरतात. आपल्याला त्याची गरज नाही, पाच टक्क्यांचा साधा पांढरा सिरका तेच काम करतो. सिरक्यातील कार्बन खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि थोडे फॉस्फेट ओढून घेतात आणि स्किमर त्या जिवाणूंना बाहेर काढतो. दोन हजार लिटरला दिवसा १५-२० मिलिलिटरपासून सुरुवात करावी, थेंबथेंब सोडावे आणि आठवड्या-आठवड्याने थोडे वाढवावे. पाणी दुधाळ झाले किंवा पांढरा बुळबुळीत थर दिसला तर मात्रा ताबडतोब कमी करावी. वीज गेली, स्किमर बंद पडला, तर सिरका बंद. हे जिवाणू पाण्यातील प्राणवायू खातात आणि मासे गुदमरतात.

चौथी वाट गंधकाची. गंधकाच्या गोळ्यांनी भरलेल्या बंद नळीतून पाणी अगदी हळू सोडतात. तेथील जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. यात आम्ल तयार होते, म्हणून पुढे चुनखडीची नळी जोडावी लागते. हे यंत्र मोठ्या पेटीला उपयोगी, पण शिकलेल्या हाताचे काम आहे.

घाई करू नका

नायट्रेट ६० वरून १० वर आणायला दोन-तीन महिने घ्यावेत. एकदम उतरविले तर प्रवाळ पांढरे पडतात. शून्य हे ध्येय ठेवू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले तर प्रवाळ उपाशी राहतात आणि तपकिरी, चिकट सूक्ष्मजीव पेटी व्यापतात. गोठविलेले खाद्य गाळणीत धुऊन घालावे. कचेरीत चार जण चार वेळा खाद्य टाकतात, ते बंद करून एकाच माणसावर जबाबदारी द्यावी.

करार आणि कायदा

करार लेखी असावा. त्यात किती लिटर पाणी, किती किलो मीठ, किती पिशव्या, कोणत्या वारी मोजणी आणि खाद्य घालण्याचा अधिकार कोणाचा, हे लिहावे. मोजणीच्या वहीवर दर महिन्याला मालकाची सही घ्यावी. पुढे वाद झाला तर ही वहीच कारागिराची बाजू मांडेल.

दुसरी गोष्ट याहून मोठी. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेले दगडी प्रवाळ विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या अनुसूचीतील गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. समुद्रघोडाही याच यादीत आहे. परदेशी माल असेल तर आयातीची पूर्ण कागदपत्रे पाहिल्याशिवाय हात लावू नये. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेला एक तुकडा साऱ्या धंद्यावर पाणी फिरवू शकतो. कृत्रिम खडक, कागदपत्रांसह आलेला माल आणि निरोगी मासे यांवरही पेटी उत्तम सजते.

हे काम शिकायला भांडवल फार लागत नाही. मोजणीचा संच, टी. डी. एस. मीटर, दोन बादल्या आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते. ज्या तरुण कारागिरांना काचेचे किंवा नळाचे काम येते, त्यांनी पेटी बसवून पैसे घेऊन मोकळे होण्याऐवजी तिची देखभालही अंगावर घ्यावी. पेटी एकदाच विकली जाते, देखभालीचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात.