डावीकडेच वळणारा ट्रक

वसईजवळच्या जूचंद्रच्या माणसाला अवजड ट्रक नवा नाही. गावाबाहेर पडलं की मुंबई-अहमदाबाद महामार्ग. न्हावा-शेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर, चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडी गाठणारे ट्रेलर, दिवसरात्र रांग चालूच. ट्रकची शर्यत म्हटली की इथे आधी छातीत धडकीच भरते. अमेरिकेत मात्र नासकार ही संस्था १९९५ पासून ट्रकच्या व्यावसायिक शर्यती भरवते आहे. त्यातल्या बहुतेक होतात लंबगोल, ओव्हल ट्रॅकवर.

या ट्रॅकची वळणं आतल्या बाजूला कललेली असतात. त्या कलामागचं तत्त्व आपल्या रुळांवरही आहे. वसई रोडहून सुटलेली दिव्याची गाडी जूचंद्रकडे वळते, तेव्हा वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किंचित उंच बसवलेला असतो. वेगातली गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते. रस्ता आत झुकलेला असला की तिचं वजनच तिला सावरतं. रुळांचा हा कल काही सेंटिमीटरचा. फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकच्या वळणांवर तो ३१ अंशांचा आहे. तिथल्या वळणाची त्रिज्या सुमारे ३०५ मीटर. गणित मांडलं तर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास टायरने बाजूला जोर न लावताही गाडी वळते. शर्यतीतले ट्रक तिथे अडीचशेच्या बरेच पुढे असतात. वरचा सगळा ताण रबरावर येतो.

या ट्रकला ‘स्टॉक’ म्हणतात, पण शोरूमच्या गाडीशी त्याचं नातं चेहऱ्यापुरतंच. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, पुढे व्ही-८ इंजिन, वर पिकअपचा आकार. हेडलाइट म्हणजे चिकटवलेली चित्रं. दार उघडतच नाही. ड्रायव्हर खिडकीतून आत उतरतो, काढून ठेवलेलं स्टिअरिंग जागेवर बसवतो आणि खिडकीला जाळी लागते.

फेऱ्या घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे प्रत्येक वळण डावं. मग गाडीही त्याच हिशोबाने बांधतात. उजव्या बाजूच्या टायरांचा घेर डावीकडच्यांपेक्षा थोडा मोठा ठेवतात. निमुळता पेला आडवा करून फरशीवर सोडला की तो आपोआप गोल फिरतो. ट्रकचंही तसंच होतं. म्हणून सरळ रस्त्यावर तो डावीकडे ओढ घेतो आणि ड्रायव्हरला स्टिअरिंग धरून ठेवावं लागतं. टायर तापले, झिजले की हे गणित फेरीगणिक बदलतं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्ती-थांब्यात, आलेल्या ट्रकच्या स्प्रिंगचा ताण पाना फिरवून कमी-जास्त करतात, तो त्यासाठीच.

मला या खेळात सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रेक्षकांच्या स्टँडच्या माथ्यावर उभा असलेला स्पॉटर. ड्रायव्हरला बाजूचं आणि मागचं फारसं दिसत नाही. आत कोण आलं, बाहेरून कोण घासतंय, पुढे अपघात झालाय का, हे स्पॉटर रेडिओवर अखंड सांगत असतो. त्या आवाजावर विश्वास ठेवून ड्रायव्हर बोटभर अंतरावर गाडी घालतो. डेटोनासारख्या मोठ्या ट्रॅकवर पुढच्या ट्रकने फाडलेल्या हवेत मागचा शिरला की दोघांचाही वेग वाढतो. पिकअपचा आकार चौकोनी, त्यामुळे हा परिणाम जोरदार.

या शर्यतीत आपला माणूसही उतरला होता. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन मार्च २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला ट्रक घेऊन उभा राहिला. ट्रॅक जेमतेम साडेआठशे मीटरचा, कल फक्त १२ अंश, आणि सतत ब्रेक. पहिल्याच शर्यतीत तो तेरावा आला. त्या हंगामाचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणूनही प्रेक्षकांनी त्यालाच निवडलं.

भारतात ट्रकची शर्यत आणली टाटा मोटर्सने, २०१४ मध्ये, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. तो ट्रॅक ओव्हल नव्हे, डाव्या-उजव्या वळणांचा. पण ट्रक खरे, प्रायमा. आरंभी परदेशी ड्रायव्हर धावले. २०१६ मध्ये प्रशिक्षण घेतलेले भारतीय ट्रकचालक प्रथमच त्यात उतरले. माझ्या दृष्टीने त्या मालिकेचं सर्वांत मोठं काम हेच. आपल्याकडे ट्रक चालवणाऱ्याला मान फार थोडे देतात. तीच माणसं हेल्मेट घालून रांगेत उभी राहिली, त्यांच्या नावाने टाळ्या पडल्या.

कलत्या वळणांचे ट्रॅक आपल्याकडेही आहेत, वाहनांच्या चाचणीसाठी. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ओव्हल २०२१ मध्ये सुरू झाला. अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेकडे वेगवान चाचणीचा ट्रॅक आहे. तिथे शर्यती लगेच भरवाव्यात असं मी म्हणणार नाही. पण भरल्या वजनाचा ट्रक वळणावर कधी सुटू लागतो, ब्रेक केव्हा सोडायचा, हे बंदिस्त जागेत अनुभवायची सोय महामार्गावरच्या चालकांना वर्षातले काही दिवस तरी मिळायला हवी. आज हे धडे ते बापाणे आणि चिंचोटीच्या वळणांवर, भर वाहतुकीत घेतात.