एवढीशी कॅसेट, एवढी महाग काहून?

तुमचे बाबा किंवा मामा १९९० च्या दशकात अमरावतीत नाहीतर अकोल्यात शाळेत जात असतील, तर त्यांना एक प्रश्न विचारा. ‘‘तुमच्याकडे व्हिडिओ गेमची कॅसेट होती का?’’ बघा कसे खुलतात ते!

दिवाळीची सुट्टी, टीव्हीला जोडलेला डबा, त्यात खटकन बसवलेली कॅसेट आणि मारिओ सुरू! नाहीच चाललं, तर कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा लावायची. खरं तर फुंकरीचा काही उपयोग नसे. कॅसेट पुन्हा बसवली की आतली टोकं नीट जुळत, इतकंच!

पण नवी कॅसेट मागितली की आजोबा म्हणत, ‘‘एवढ्याशा डब्बीचे एवढे पैसे? काहून बाप्पा?’’

उत्तर त्या डब्बीतच होतं. तिला आपण कॅसेट म्हणायचो. पण गाण्याच्या कॅसेटसारखी फीत तिच्यात नसे. आत असे चिप. प्रत्येक खेळासाठी कारखान्यात वेगळा साचा करावा लागे, छापखान्यातल्या ठशासारखा. साच्याचा खर्च शंभर चिपांना तेवढाच आणि लाख चिपांनाही तेवढाच. म्हणून मोठी मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागे. खेळ विकला नाही, की माल पडून!

शिवाय खेळ जितका मोठा, तितकी चिप महाग. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा ४० किलोबाइटचा; आज मोबाइलचा एक फोटोही त्याहून मोठा असतो. १९९६ चा ‘सुपर मारिओ ६४’ मात्र ८ मेगाबाइटचा, म्हणजे दोनशे पट! काही कॅसेटींमध्ये खेळ जपून ठेवायला बॅटरीही असे. त्यावर निन्टेन्डो कंपनी इतरांचे खेळ आपल्या यंत्रावर चालू देण्याचे पैसे घेई. परदेशी मालावर आपल्याकडे आयात शुल्क वेगळं. १९९१ साली त्याचा सर्वांत वरचा दर १५० टक्के होता!

१९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये सोनीचं प्लेस्टेशन आलं. त्याच्या सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावत आणि ती छापायला चिपेपेक्षा कितीतरी स्वस्त पडे.

मग आपल्या बाजारात ‘९९९९ इन १’ कॅसेट स्वस्तात कशी मिळायची? उघडून पाहिली तर हिरव्या पट्टीवर काळ्या डिंकासारखा थेंब आणि त्याखाली चिप. खेळ मात्र मोजकेच. तेच तेच खेळ वेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा! आणि ते बहुतेक नकल केलेले. ज्यांनी रात्री जागून मारिओ घडवला, त्यांना त्यातला एक पैसाही मिळत नसे.

वऱ्हाडातल्या मुलांना हे नवं नाही. सदऱ्याच्या किमतीतलं कापूस पिकवणाऱ्याच्या हाती किती पडतं, ते घरी विचारा.

आता खेळ थेट मोबाइलवर उतरतात. चिप गेली, डब्बी गेली. खेळ घडवणाऱ्याची मेहनत मात्र तेवढीच आहे. तेव्हा एखादी वस्तू महाग वाटली, तर आजोबांसारखं ‘काहून?’ जरूर विचारा. आणि फारच स्वस्त वाटली, तर दोनदा विचारा!