भोक आणि खुंटी

जामसावळीहून आणलेली हनुमानाची छापील रंगीत तसबीर भिंगाखाली धरा. शेंदरी रंग कुठेच सापडणार नाही. दिसतील ते पिवळे, किरमिजी, निळे आणि काळे ठिपके. हे चार रंग कागदावर वेगवेगळे चढतात. त्यातला एक केसभर सरकला, की कडेला भलत्याच रंगाची रेघ उमटते. छापखान्यात म्हणतात, ‘रजिस्ट्रेशन गेलं.’

डार्करूममध्ये ही जुळणी आणखी नाजूक होते. रंगीत स्लाइडवरून थेट प्रिंट काढली, तर उजेड फटफटीत आणि सावल्या काळ्याठिक्कर येतात. त्यावर तोड म्हणजे मास्क : त्याच स्लाइडवरून काढलेली फिकट कृष्णधवल निगेटिव्ह. ती स्लाइडवर ठेवली की उजळ भाग दबतात. मग प्रकाश जास्त देता येतो आणि सावल्यांमधले तपशील उघडतात. पण अंधारात दोन फिल्मा तंतोतंत जुळवायच्या कशा? दोन्हींना एकाच पंचने भोकं पाडायची आणि त्याच खुंट्यांवर बसवायची! त्यातलं शहाणपण तर बघा : एक भोक गोल, खुंटीला घट्ट, दुसरं लांबट. हवेतल्या ओलाव्याने फिल्म फुगते, कोरडेपणाने आकसते. गोल भोक तिला जागेवर धरतं, लांबट भोक तिला हलायला वाव देतं. म्हणून ती पोक काढत नाही.

या जुळणीचं मोल सिनेमाकार दादासाहेब फाळके छपाईतूनच ओळखून होते. रविवर्मा प्रेसच्या शिळाछपाईचं काम त्यांनी केलं होतं, पुढे स्वतःचा छापखानाही काढला. १९१२ मध्ये लंडनहून त्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म भोकांविना यायची. ३५ मिलिमीटर फिल्मच्या प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार भोकं लागतात. सुमारे २५ मिलिमीटर रुंदीची ती चौकट पाच मीटरच्या पडद्यावर दोनशेपट होते. भोक ०.१ मिलिमीटर चुकलं, तर पडद्यावरचं चित्र दोन सेंटिमीटर हलतं!

‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये (१९१८) कंसाचं शीर धडावेगळं होऊन तरंगतं. अशा चमत्कारासाठी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण होतं : चौकटीचा काही भाग कोरा राखायचा, फिल्म मागे गुंडाळायची, मग त्या कोऱ्या जागी दुसरं चित्र घ्यायचं. दुसऱ्या खेपेला भोकांच्या आधाराने चौकट पहिल्याच जागी थांबली, तरच प्रेक्षकाला चमत्कार दिसतो. नाहीतर दिसते ती थरथर.

फिल्मची ही भोकं लंडनहून आणलेल्या यंत्रावर रात्री अंधारात दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके पाडत. आपल्या सिनेमाच्या इतिहासात दादासाहेबांच्या कॅमेऱ्याइतकाच मान त्या यंत्राला आणि ते चालवणाऱ्या हातांना मिळायला हवा.