मगर टिपायची, पण लांबून

करमाडच्या छायाचित्रकाराला पाण्याकाठचा सराव जायकवाडीच्या नाथसागरावर होतो, पण तो पक्ष्यांचा. मोठ्या मगरीसाठी गाडी काढायची ती सांगलीच्या कृष्णाकाठी, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात, नाहीतर चिपळूणच्या वाशिष्ठीवर. जुनी माणसं मगरीला सुसरही म्हणतात.

हंगाम हिवाळ्याचा. थंड रक्ताचा प्राणी; ऊन चढलं की अंग शेकायला मळीवर येतो. जबडा वासून पडलेली मगर चिडलेली नसते, बहुधा ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. फोटोखाली ‘खवळलेली मगर’ लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

काठावर दिसणाऱ्या मगरीपेक्षा न दिसणारी धोक्याची. गढूळ पाण्यावर फक्त डोळे आणि नाकपुड्या ठेवून ती तासन्‌तास थांबते. म्हणून ‘लो अँगल’च्या मोहात पाण्यालगत पालथं पडू नये, रोज एकाच जागी उतरू नये. चिखलात पोटाचा गुळगुळीत पट्टा, बाजूला पंजे आणि मधे शेपटीची रेघ दिसली, तर ती तिची पायवाट, तिथून हटावं. ४०० मिमी किंवा मोठी लेन्स, उंच काठ, सोबत स्थानिक माणूस. होडीत असाल तर हात आतच.

फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत काठावर अंडी नि नवी पिल्लं असतात. मादी राखणीला असते, तेव्हा अंतर आणखी वाढवावं. कोंबडीचे तुकडे टाकून तिला जवळ बोलावणं हा तर शुद्ध आचरटपणा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, तिला छेडणं गुन्हा ठरतो.