डेस्कटॉपचा सांधा कोणी बदलला?

पुण्याहून येणारा लोहमार्ग दौंड जंक्शनवर फुटतो. एक फाटा सोलापूरकडे जातो, दुसरा मनमाडकडे. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. ती खटपट टाळण्यासाठी पुढे दौंड कॉर्ड लाइन हे वेगळं स्टेशन झालं. गाडी कुठं जाणार हे डब्यावरची पाटी ठरवत नाही, सांधा ठरवतो, हे दौंडकराला वेगळं सांगावं लागत नाही. काँप्युटरच्या डेस्कटॉपचंही असंच झालंय. पडद्यावरचं चित्र तेच, आयकॉन तेच, पण आतला सांधा बदललेला.

शिरूरच्या तहसील कचेरीच्या आसपास जा नाहीतर दौंडच्या बाजारपेठेत. सेवा केंद्र असो, झेरॉक्सचं दुकान असो की कर सल्लागाराचं ऑफिस, डेस्कटॉप म्हणजे कामाचं टेबल. सातबारा, आधारचं स्कॅन, उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद, 'फोटो फायनल', 'फोटो फायनल २' आणि 'न्यू फोल्डर ७' सगळं तिथंच पडलेलं. म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या इंटरनेटवर फायली साठवणाऱ्या क्लाउड सेवेने हे टेबल ताब्यात घेतलं की आधी गोंधळ उडतो आणि मग गैरसमज पसरतात.

गैरसमज १ : वनड्राइव्ह डेस्कटॉपची फक्त नक्कल ठेवतं, मूळ फायली जागेवरच असतात.

वस्तुस्थिती : डेस्कटॉप वनड्राइव्हवर नेण्याच्या सोयीला 'बॅकअप' म्हणतात, आणि घोळ त्या शब्दातच आहे. प्रत्यक्षात डेस्कटॉपचा पत्ताच बदलतो. आधी तो सी ड्राइव्हमध्ये युजर्स, मग तुमचं नाव, मग डेस्कटॉप असा होता. बदलानंतर नाव आणि डेस्कटॉप यांच्या मधे 'वनड्राइव्ह' येऊन बसतं. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांचंही असंच होतं.

खात्री करायला अर्धं मिनिट पुरतं. डेस्कटॉपवरच्या कुठल्याही फाइलवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'लोकेशन'समोरचा पत्ता वाचा. त्यात वनड्राइव्ह दिसलं, तर सांधा बदललाय. स्कॅनरच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला पूर्वीचा पत्ता पक्का करून दिलेला असेल, तर ते तिकडेच फायली टाकत राहू शकतं. मग स्कॅन पूर्ण झालं म्हणून सांगतं, आणि डेस्कटॉपवर काहीच दिसत नाही.

गैरसमज २ : मी हे चालू केलंच नव्हतं, म्हणजे हा व्हायरस आहे.

वस्तुस्थिती : व्हायरस नाही. विंडोज पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं, की फोल्डरांचा हा बॅकअप सुरू होऊ शकतो. नव्या विंडोज ११मध्ये तो वेगळी परवानगी न विचारताच चालू होतो, हे २०२४ साली जगभरच्या वापरकर्त्यांच्या लक्षात आलं.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. काँप्युटर सुरू करून देताना लॉगिनला कोणाचं खातं वापरलं? कधी भाच्याचं, कधी आधीच्या ऑपरेटरचं. बॅकअप चालू असेल तर दुकानातल्या डेस्कटॉपवर ठेवलेलं प्रत्येक आधार कार्ड त्या माणसाच्या क्लाउडवर जमा होतं. गिऱ्हाइकाला याचा पत्ताही नसतो. म्हणून सामायिक काँप्युटरवर पहिला प्रश्न 'बंद कसं करू?' हा नाही, तर 'खातं कोणाचं आहे?' हा आहे.

गैरसमज ३ : क्लाउडवर प्रत आहे, मग इथून पुसलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : इथंच सगळ्यात जास्त फायली जातात. वनड्राइव्ह दोन्ही ठिकाणं सारखी ठेवतं. इथं डिलीट केलं की तिथलीही फाइल जाते, आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या घरच्या लॅपटॉपवरचीही. वैयक्तिक खात्यात ती क्लाउडवरच्या रिसायकल बिनमध्ये साधारण ३० दिवस राहते, पुढे नाही. जागा मोकळी करायची असेल तर 'डिलीट' नव्हे, 'फ्री अप स्पेस' वापरायचं.

फाइलशेजारच्या खुणाही ओळखायला शिका. निळा ढग म्हणजे फाइल दिसते, पण डिस्कवर नाही. नेट गेलं की ती उघडणार नाही. पोकळ हिरव्या गोलातली बरोबरची खूण म्हणजे सध्या इथं आहे. भरलेल्या हिरव्या गोलातली खूण म्हणजे कायम इथं राहणार.

गैरसमज ४ : ५ जीबी फुकट मिळतात, पुष्कळ झाले.

वस्तुस्थिती : एक स्कॅन २ एमबीचं धरा. ५ जीबीत अशी सुमारे २,५०० स्कॅन मावतात. रोज ५० कागद स्कॅन करणाऱ्या केंद्राला ही जागा ५० दिवसांत संपते. लग्नाचा व्हिडिओ डेस्कटॉपवर ठेवला, तर एका दुपारीच. जागा भरली की नव्या फायली वर जाणं थांबतं. आउटलुक डॉट कॉमच्या मेलमधल्या अटॅचमेंटही २०२३पासून याच हिशेबात धरल्या जातात, त्यामुळे जागा संपली की मेल येणं-जाणंही अडतं. मग जागा विकत घेण्याच्या सूचना येऊ लागतात, आणि अनेकांना वाटतं काँप्युटरची हार्ड डिस्कच भरली. तिथं शेकडो जीबी मोकळे असू शकतात.

गैरसमज ५ : वनड्राइव्ह अनइन्स्टॉल केलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : गाडी सांध्यावर असताना सांधा बदलत नाहीत. इथंही क्रम चुकला की घात होतो. निळ्या ढगाच्या फायली डिस्कवर नसतातच. आधीच अनइन्स्टॉल केलं, तर त्या क्लाउडवर राहतात आणि डेस्कटॉपचा पत्ताही जुन्या जागी परतला असेल याची खात्री नसते. योग्य क्रम असा:

१. फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्हच्या आतला डेस्कटॉप फोल्डर शोधा. उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. सगळ्या खुणा भरीव हिरव्या होईपर्यंत थांबा. नेट संथ असेल तर रात्रभर चालू ठेवा.

२. त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा.

३. घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक करा. दातेरी चाकाच्या खुणेतून 'सेटिंग्ज', मग 'सिंक अँड बॅकअप', मग 'मॅनेज बॅकअप' असं जा आणि डेस्कटॉपसमोरचं बटण बंद करा. फायली कुठं ठेवायच्या असं विचारलं, तर फक्त या पीसीवर ठेवण्याचा पर्याय घ्या.

४. तसं विचारलं नाही, तर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसेल. घाबरू नका. फायली वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉपमध्येच असतात. तिथून 'कॉपी' करून बाहेर आणा. 'कट' केलंत तर क्लाउडवरूनही त्या निघून जातील.

५. पुन्हा 'प्रॉपर्टीज' उघडा. पत्त्यातून वनड्राइव्ह गेलं असेल, तरच पुढचं पाऊल: हवं तर 'अनलिंक धिस पीसी', हवं तर अनइन्स्टॉल.

गैरसमज ६ : हा मायक्रोसॉफ्टचाच उपद्व्याप आहे.

वस्तुस्थिती : ॲपलनेही २०१६च्या मॅकओएस सिएरापासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडवर नेण्याची सोय दिली. तिथंही ५ जीबीच फुकट मिळतात, आणि ती सोय बंद केल्यावर तिथलाही डेस्कटॉप रिकामा दिसून लोकांचा जीव असाच टांगणीला लागतो.

गैरसमज ७ : क्लाउड बंद केला, आता फायली सुरक्षित.

वस्तुस्थिती : आता त्या फक्त एकाच डिस्कवर आहेत. वीज गेली-आली, डिस्क बसली, की सगळं संपलं. दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढा आणि ती काढून कपाटात ठेवा. क्लाउड हवा असेल तर खुशाल वापरा, पण त्यासाठी वेगळा फोल्डर करा आणि त्यात काय टाकायचं ते स्वतः ठरवा.

गिऱ्हाइकांच्या कागदांना मात्र वेगळा नियम. अर्ज गेला, पोच मिळाली, की स्कॅन पुसायचं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याचं सूत्रही तेच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं, की ती बाळगायची नाही. फक्त पुसण्याआधी लोकेशनचा पत्ता वाचा. त्यात वनड्राइव्ह असेल, तर रिसायकल बिन दोन आहेत, एक काँप्युटरवरचा आणि एक क्लाउडवरचा. दोन्ही रिकामे केल्याशिवाय शिरूरच्या एखाद्या आजींचं आधार कार्ड दुकानातून गेलं असं म्हणता येत नाही.