रायटर बिघडला की डिस्क? : कोऱ्या डिस्कची कुंडली

आज आपण एका रोजच्या तक्रारीकडे वळू या. कोरी डीव्हीडी टाकली, तरी रायटर म्हणतो 'डिस्क घाला'. किंवा अर्ध्यावर एरर येते. किंवा लिहून पूर्ण होते आणि दुसऱ्या मशीनवर चालत नाही. आपण लगेच दुकानदाराला दोष देतो, नाहीतर रायटरला. पण पुष्कळदा दोघंही धडधाकट असतात, फक्त त्यांचं एकमेकांशी जमत नाही.

का जमत नाही, ते बघू. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी किंवा डीव्हीडीत सहसा रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेनं त्यावर खुणा उमटतात. हे रंगद्रव्य प्रत्येक कारखान्याचं वेगळं. त्यामुळे लेझर किती जोरात आणि किती वेळ मारायचा, हेही वेगळं.

मग रायटरला हे कळतं कसं? गंमत अशी, की कोरी डिस्क पूर्ण कोरी नसतेच. तिच्यावर कारखान्यातच एक नागमोडी खाच कोरलेली असते आणि त्यात किंवा तिच्या शेजारी उत्पादकाचा संकेत दडलेला असतो. रायटर तो वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या यादीत शोधतो. सापडला, तर त्या डिस्कसाठी ठरलेली पद्धत वापरतो. नाही सापडला, तर अंदाजानं लिहितो, वेग कमी करतो, कधी डिस्क नाकारतो. लिहिण्याआधी तो आतल्या कडेला थोडं लिहून लेझरची ताकदही तपासतो. तिथं अडलं, की 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' येते.

म्हणूनच जुना रायटर आणि नवी डिस्क ही जोडी अडते. आणि एकाच ब्रँडचे दोन डबे वेगवेगळे वागतात, कारण वरचं नाव एक असलं तरी आतला माल वेगवेगळ्या कारखान्यांतला असू शकतो. इमगबर्नसारख्या प्रोग्रॅममध्ये हा संकेत दिसतो. डबा चांगला निघाला, तर संकेत टिपून ठेवावा.

आता शोध कसा घ्यायचा? एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिलं, ट्रेवरची चिन्हं बघा. कॉम्बो ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, पण लिहितो फक्त सीडी. काही जुने रायटर डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर यांपैकी एकच प्रकार घेतात.

दुसरं, त्याच रायटरमध्ये दुसऱ्या कारखान्याची डिस्क टाका. चालली, तर रायटर बहुधा ठीक आहे. मग अडलेली डिस्क दुसऱ्या रायटरमध्ये घालून बघा.

तिसरं, सीडी लिहिली जाते पण कुठलीच डीव्हीडी नाही, असं असेल तर डीव्हीडीच्या लेझरवर संशय घ्या. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. एक थकला तरी दुसरा चालू राहतो.

चौथं, वेग उतरवा. १६एक्सची डिस्क ८एक्सवर लिहून बघा. मात्र सगळ्यात कमी वेग म्हणजे सगळ्यात चांगलं, असंही नाही. डिस्क ज्या वेगांसाठी बनली, त्यांतलाच मधला वेग बरा.

शेवटी फर्मवेअर. अपडेटनं नव्या डिस्क यादीत येऊ शकतात. पण ते नेमकं आपल्याच मॉडेलचं हवं. मध्येच वीज गेली, तर ड्राइव्ह कायमचा जाऊ शकतो.

आणि एक लक्षात ठेवा. 'बर्न पूर्ण झाली' म्हणजे 'वाचता येईल' असं नव्हे. अंदाजानं लिहिलेली डिस्क आज आपल्या रायटरवर चालते आणि दुसरीकडे अडखळते. लग्नाचं चित्रीकरण असो की कॅसेटवरून उतरवलेला आजीचा आवाज, 'व्हेरिफाय' करा, डिस्क दुसऱ्या मशीनवर शेवटपर्यंत चालवून बघा आणि तरीही मूळ फाइल दुसरीकडे जपून ठेवा. कोऱ्या डिस्का बाजारात पुन्हा मिळतील, तो आवाज मिळणार नाही.