तिकीट लावून केलेली वाटणी

१९९३ च्या फेब्रुवारीत प्राग आणि ब्रातिस्लाव्हातल्या बँकांपुढे रांगा लागल्या होत्या. लोक चेकोस्लोव्हाक कोरुनाच्या जुन्या नोटा घेऊन आले होते, आणि बदल्यात मिळत होत्या त्याही जुन्याच. फक्त त्यांवर पोस्टाच्या तिकिटासारखा एक कागद डकवलेला. चेक तिकीट असेल तर ती चेक कोरुना, स्लोव्हाक असेल तर स्लोव्हाक. ८ फेब्रुवारीपासून एका चलनाची दोन झाली. सुरुवातीचा दर एकास एक.

छोट्या देशांच्या चलनांचे आपसातले दर सहसा कोणी पाहत नाही. सगळ्यांचे डोळे डॉलरकडे. पण एकाच घरातून वेगळ्या निघालेल्या चलनांचा दर पुढची पंधरा-सोळा वर्षे पाहत गेले, की कोणाची पत कशी चढली-उतरली ते स्पष्ट दिसते.

देश विभागला तो १ जानेवारी १९९३ ला, गोळी न झाडता. चेक बाजूला पंतप्रधान व्हात्स्लाव क्लाऊस, स्लोव्हाक बाजूला पंतप्रधान व्लादिमीर मेचियार. सामाईक मालमत्ता लोकसंख्येप्रमाणे दोनास एक अशी वाटायची. चलन मात्र निदान सहा महिने एकच ठेवायचे, असे ठरले होते. ते सहा आठवडेही टिकले नाही. स्लोव्हाकियात अवजड आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने जास्त, त्यांची जुनी गिऱ्हाइके गेलेली, बेकारी दहा टक्क्यांच्या घरात. चेक बाजूला ती जेमतेम तीन टक्के. वेगळे झाल्यावर स्लोव्हाक चलन घसरणार, हे भाजीवालीलाही कळत होते. मग जो तो आपली ठेव चेक बँकेत हलवू लागला, आयातदार परदेशी देणी घाईने चुकवू लागले आणि स्लोव्हाकियाची गंगाजळी आटत गेली. घसरणीची भीती होती, म्हणूनच घसरणीची वेळ जवळ आली.

चेक मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर योसेफ तोशोव्स्की यांच्याकडे तिकिटांची तयारी आधीपासून होती. २ फेब्रुवारीला घोषणा झाली आणि आठवडा उलटायच्या आत काम उरकले. चेक बाजूला १००, ५०० आणि १००० च्या नोटांवर तिकिटे लागली. नाणी आणि बारक्या नोटा काही काळ तशाच चालल्या. प्रौढ माणसाला रोखीत ४००० कोरुना बदलून मिळत, उरलेले खात्यात जमा. अशा कामात जो गोंधळ अपेक्षित असतो, त्या मानाने हे फारच नेटके झाले.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये. फाळणीनंतर १९४८ च्या जूनअखेरपर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँकही आपली रिझर्व्ह बँकच होती. तेव्हा गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. भारतीय नोटांवरच ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असे छापून तिकडे चलन सुरू झाले. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनपाठोपाठ भारताने अवमूल्यन केले, पाकिस्तानने नाकारले. शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये, हा दर दिल्लीने १९५१ पर्यंत मान्यच केला नाही. तोवर ताग आणि कापसाचा व्यापार जवळजवळ ठप्प. १९५५ मध्ये पाकिस्तानने अवमूल्यन केले, तेव्हा दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीत आले.

चेक आणि स्लोव्हाक मंडळींनी व्यापार तुटू दिला नाही, हे त्यांचे शहाणपण. विभाजनापूर्वीचे व्यवहार जुन्याच एकास एक दराने मिटवायचे. नव्या व्यवहारांसाठी एक्यू या युरोपीय हिशेबी एककात वेगळे खाते, आणि त्यात दर पाच टक्के वर-खाली करायची मुभा. थकबाकी १३ कोटी एक्यूपलीकडे गेली की दुर्मिळ परकीय चलनात चुकती करायची. तरीही पहिल्या वर्षी व्यापार बराच घटला. ही सोय सप्टेंबर १९९५ अखेर बंद झाली.

दराची बरोबरी त्याआधीच मोडली होती. १९९३ च्या जुलैत स्लोव्हाकियाने दहा टक्के अवमूल्यन केले. प्रागमध्ये ‘म्हटलं नव्हतं?’ असा सूर निघाला, पण तो फार दिवस टिकण्यासारखा नव्हता. १९९७ च्या मे महिन्यात सट्टेबाजांनी चेक कोरुनालाच गाठले. व्याजदर चढवून, गंगाजळी ओतूनही भागले नाही आणि तिला बाजारावर सोडावे लागले. स्लोव्हाक कोरुना १ ऑक्टोबर १९९८ ला मोकळी झाली, मेचियार निवडणुकीत सत्ता गमावून बसल्यावर लगेच. २००३ च्या सुमारास शंभर स्लोव्हाक कोरुनांना पाऊणशेच्या आसपास चेक कोरुना मिळत.

दिवस पालटले ते त्यानंतर. एकोणीस टक्क्यांचा सरसकट कर, २००४ मध्ये युरोपीय संघाचे सदस्यत्व, त्र्नावा आणि झिलिना इथले मोटारींचे नवे कारखाने. युरोपूर्वीच्या विनिमय व्यवस्थेत स्लोव्हाकिया २००५ मध्ये शिरला, तेव्हा मध्यवर्ती दर एका युरोला ३८.४५५० कोरुना होता. २००७ मध्ये तो ३५.४४२४ झाला, २००८ मध्ये ३०.१२६०. एकेकाळी ओझे समजली गेलेली कोरुना एवढी वधारली, की १ जानेवारी २००९ ला तिच्या जागी युरो आला तो याच शेवटच्या दराने.

त्याच हिवाळ्यात जागतिक मंदीने चेक कोरुना कोसळली. फेब्रुवारीत युरोला २९ च्या वर. म्हणजे शंभर स्लोव्हाक कोरुना हयात असत्या, तर त्यांना जवळपास ९६ चेक कोरुना पडल्या असत्या. स्लोव्हाक लोक नव्या युरोच्या जोरावर सीमेपलीकडे जाऊन खरेदी करत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या दुकानदारांना ते मुळीच रुचत नव्हते. चलन भक्कम झाले म्हणजे सगळ्यांचे भले झाले, असे नसते. उलट चेक मध्यवर्ती बँकेने तर २०१३ ते २०१७ या काळात कोरुना युरोला २७ च्या खाली वधारू नये म्हणून मुद्दाम बाजारात हात घातला.

चेकांनी युरो अजून घेतलेला नाही. एकेकाळी एकच नोट वापरणाऱ्या दोन देशांपैकी जो दुबळा मानला जात होता, तो युरोत गेला आणि दुसरा बाहेर राहिला. १९९३ च्या त्या रांगांत उभ्या असलेल्यांपैकी कोणी असे भाकीत केले असते, तर लोक हसले असते. तुमच्या संग्रहात एखादी स्लोव्हाक कोरुनाची नोट असेल, तर ती फुकट गेली असे समजू नका. नाण्यांची मुदत २०१३ अखेर संपली. नोटांना मात्र मुदत नाही, आणि स्लोव्हाकियाची मध्यवर्ती बँक त्या आजही ३०.१२६० च्याच दराने बदलून देते.